पातेऱ्यातलं भांडकुदळ

माझी आत्या आयुष्यात चार माणसांना चावली. चौथी मी. डाव्या मनगटावर, घड्याळ बांधतात त्याच्या दोन बोटं वर, अजून खूण आहे. वरचे चार दात नीट उमटलेत, खालचे तीनच, कारण खालचा एक तिच्या नवऱ्याने पाडला होता. कॉलेजातल्या मैत्रिणी विचारायच्या, "कुत्रं का गं?" मी सांगायचे, "नाही, आत्या." मला त्याची लाज कधी वाटली नाही. गावाने तिचं नाव 'चावरी' ठेवलं होतं. तिच्या तोंडावर ते नाव घ्यायची छाती मात्र कुणाची नव्हती.

डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर आमचं भाताचं एक खाचर आणि थोडं वरकस, हलक्या मातीचं रान. सपाटीची जमीन आजोबांच्या वेळेसच पाण्याखाली गेलेली. घरचा भात होळीपर्यंत कसाबसा पुरायचा. दिवाळी झाली की बाबा, आई, आत्या आणि मी असं सगळं घर खाली बागायतात उतरायचं. पिंपळवंडीला कांदालागण, बोरीला टोमॅटोची तोडणी. उसाच्या कडेला निळ्या ताडपत्रीची खोपी. उसात बिबट्या, खोपीत आम्ही, आणि मध्ये हातात विळा घेऊन आत्या. अर्धं वर्ष खालची शाळा, अर्धं वर्ष वरची, असं करता करता मी तिसरीत दोनदा बसले. माझं डोकं काही कमी नव्हतं. आमच्या घराला एक जागा नव्हती.

'चावरी' हे नाव तिला त्या कांद्याच्या वावरातच मिळालं. मुकादमाने एकदा आईचा दंड धरला. वाफा वाकडा लावला म्हणे. दंड धरून हिसकलं, वर आणखी काहीतरी घाण बोलला. आत्या तीन सऱ्या पलीकडे होती. ती धावली नाही, चालत आली. आली आणि त्याच्या मनगटावर जी दात रोवून बसली, ती चार बायांनी मागून ओढलं तेव्हा सुटली. मुकादम बोंबलत होता, "सोड गं, सोड गं चावरे!" आत्या थुंकली आणि म्हणाली, "हात धुवत जा रे. कांद्याचा वास येतो."

काम त्याच दिवशी सुटलं. बोचकी डोक्यावर घेऊन आम्ही रस्त्याला लागलो. आई रडत म्हणाली, "वन्सं, जीभ चालवायची. दात कशाला?"

"जीभ आपली कोण ऐकतंय, वैनी?" आत्या म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दिसायला ती काटकी होती. रंग वाळलेल्या हिरड्यासारखा. लुगडं नेहमी तपकिरी, कारण त्याच्यावर माती दिसत नाही. उजव्या कानाची पाळी उभी फाटलेली. नवऱ्याने कुडकासकट ओढली होती. कपाळावर केसांत घुसलेला वण. तो कुऱ्हाडीच्या दांड्याचा. या दोन खुणा ती दागिन्यासारख्या वागवायची. कुणी हळहळलं तर खवळायची. "डोळा काढाया आला व्हता, कानावर निभावलं," म्हणायची. "हसा की. रडताय काय?"

तिचं सासर डोंगराच्या पलीकडे. तिथला मार तिने मला कधी रडत सांगितला नाही. भाताची लावणी कशी करतात ते सांगावं, तसं सांगितलं. सकाळी कशाने, दुपारी कशाने, सासू कुठे धरायची, दीर कुठे मारायचा. एकदा डोकं फुटलं, रक्त थांबेना, तेव्हा घरच्यांनी गावातली दोन शहाणी माणसं बोलावली आणि एका कागदावर आत्याचा अंगठा घेतला. तिला वाटलं, दवाखान्याचा कागद असेल. नवऱ्यानेच थोड्या वेळाने हसत सांगितलं. बायको माळ्यावरून पडली, कुणी हात लावला नाही, असं तिच्याच अंगठ्यानिशी लिहून घेतलं होतं. आत्याने त्याचा उजवा अंगठा तोंडात धरला आणि हाड लागेपर्यंत दात मिटले. हा पहिला चावा.

"त्यांनी माझा अंगठा घेतला, मी त्याचा घेतला," असं ती सांगायची. मग माझ्याकडे वळायची. "पर सुरे, वाचाया आलं असतं तर चावावं लागलं नसतं."

घरात एक तरी वाचणारी, लिहिणारी, कागद उलटून बघणारी बाई झाली पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं. बाकी कशाचा हट्ट तिने आयुष्यात धरला नाही. आणि घरात मुलगी मी एकटीच.

चावून ती पळाली ती थेट माहेरच्या डोंगरावर. मागे नवरा आणि दीर, दोघांच्या हातात काठ्या. आमच्या खाचराच्या वर ओहळाच्या कडेने एक राई आहे. जांभूळ, हिरडा, आंबा, खाली कारवी आणि पाण्यालगत बांबूचं बेट. भर दुपारीही तिथे सावळं असतं. खाली झडलेल्या पानांचा घोट्याएवढा थर, त्याला आमच्याकडे पातेरा म्हणतात. त्या पातेऱ्यात ती पालथी पडली आणि लुगडं अंगावर ओढून घेतलं. तपकिरी लुगडं, तपकिरी पाला. दोघं जण हातभर अंतरावरून काठ्या आपटत गेले. त्यांना ती दिसली नाही.

"तवा नाकासमोरचं एक वाळकं पान चालाया लागलं," ती सांगायची. "म्हणलं, डोकं फुटल्यानं भास व्हतोय. तर ते फुलपाखरू. सरकत सरकत आलं आन कपाळावर बसून माझं रगत प्यालं. आता बोल. माझं रगत प्यालंय म्हणजे माझ्या रक्ताचंच की."

त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिने ती पानं भांडताना पाहिली. अंधारून आलं तशी दहा-बारा पाखरं पातेऱ्यातून उठली आणि जांभळाखालच्या मोकळ्या जागेत एकमेकांवर तुटून पडली. फुलपाखरू म्हणजे नाजूक, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या राईत येऊन बघावं. एक नर आपल्या वीतभर जागेवर बसतो. दुसरा आला की खालून उसळून त्याला धडक मारतो. दोघं गिरक्या घेत वर जातात, पंखांवर पंख आपटतात, त्याचा कोरड्या कागदासारखा आवाज येतो. पंखांचे तुकडे पडतात. हे सगळं अर्धा तास, मग अंधारात गुडूप. आत्याने त्याचं नाव ठेवलं 'भांडकुदळ'. पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे. माझ्या कॉलेजच्या वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भांडकुदळच आहे, आणि मी ते खोडलेलं नाही.

तेव्हापासून ओहळाकाठच्या, ती लपली होती त्या पट्टीतला पातेरा हलवायला तिची बंदी. हे सोपं नव्हतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. रोपाच्या वाफ्यावर शेण, त्यावर टहाळ, गवत, वर पातेरा, सगळ्यात वर बारीक माती, आणि मग पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप काळंभोर उठतं. त्यामुळे फाल्गुन लागला की राईतल्या पातेऱ्यासाठी बाया खराटे, पाट्या घेऊन येतात. आत्या तेवढ्यासाठी खालचं काम सोडून एकटी वर यायची. बाकीच्या राईत कुणीही या, पण पट्टीत खराटा लागला की ती आलीच. एकीची पाटी तिने ओहळात फेकली. दुसरीच्या पाठीत तिचाच खराटा मोडला. "अगं, पालाच तर हाय!" ती ओरडली. "निम्मा पाला हाय," आत्या म्हणाली, "निम्मी माझी माणसं हायीत."

दहावी झाले तेव्हा बाबांनी एक स्थळ आणलं. मी नाही म्हणाले. बाबा वाईट नव्हते, पण त्यांना तेवढंच येत होतं. त्यांनी दावं काढलं आणि अंगणात मला झोडपायला सुरुवात केली. दाव्याची गाठ पाठीवर बसली की आवाज आधी येतो आणि दुखतं नंतर, हे मला त्या दिवशी कळलं. आई दारात तोंडावर पदर धरून उभी. आत्या लाकडाची मोळी घेऊन आली, मोळी टाकली आणि मागून बाबांच्या खांद्याला डसली. सदऱ्यासकट. बाबा गुडघ्यावर बसले.

"आक्का! आक्का सोड! मी भाऊ हाय तुझा!"

तिने तोंड पुसलं. "भाऊ हायस म्हणून खांदा धरला, बाळू. पोरगी शिकंल. हाणायचंच आसंल तर आधी मला हाण. मला हाणल्यावर काय व्हतं ते तुला ठाव हाय."

मग माझ्याकडे वळून मला एक कानफटात ठेवून दिली. "आन तू मार खात उभी काय ऱ्हातीस? पळायचं! तू वही धर, हाणामारी माझ्याकडं."

ही वाटणी आमच्यात शेवटपर्यंत राहिली. अकरावी-बारावीला मी घोडेगावात नात्यातल्या एका घरी राहिले. त्यांची भांडी घासली, त्यांचे टोमणे खाल्ले. एस.टी. आली तर आली, नाहीतर दुधाच्या टेम्पोत कॅनांवर बसून शनिवारी घरी. पुढे तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. प्राणिशास्त्र घेतलं. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस मी. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे.

दुसऱ्या वर्षी सरांनी प्रकल्पाला प्रत्येकाला एक जीव निवडायला सांगितला. वर्षभर बघायचं, लिहायचं, आणि शेवटच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांसमोर मांडायचं. मुलांनी मोर निवडला, शेकरू निवडलं, निळीजांभळी फुलपाखरं निवडली. मी डबीतून माझं नेलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "राव, हे फुलपाखरू आहे का झाडलोट?" मी डबी उघडली. ते टेबलावर पडलं, पंख मिटून, एका अंगावर कललेलं, मधोमध पानाच्या शिरेसारखी रेघ. वर्ग हसला. मी बोटाने टिचकी मारली. ते उडून त्या मुलाच्या नाकावर आदळलं. सर म्हणाले, "हेच घे."

मग सुट्टीच्या प्रत्येक दिवशी मी वही घेऊन आणि आत्या विळा घेऊन, अशा आम्ही राईत. तिला वाचता येत नव्हतं, पण बघता माझ्या दुप्पट येत होतं. उन्हाळ्यातलं भांडकुदळ आणि पावसाळ्यातलं भांडकुदळ ही दोन वेगळी जनावरं वाटतात, हे तिनेच दाखवलं. उन्हाळ्यात पंखाच्या खालच्या बाजूला काहीच नसतं, नुसता पालापाचोळा, कडाही फाटक्या पानासारख्या. पावसाळ्यात त्याच जागी डोळ्यांची रांग उठते, काळी बुबुळं, भोवती पिवळी कडी. "पावसात डोळे वटारतं, उन्हाळ्यात मान खाली घालतं," आत्या म्हणाली. "बाईमाणसानं दोन्ही शिकावं. मला नुसतं वटारायला आलं." पंखाच्या वरच्या बाजूला, टोकाजवळ, दोन्ही मोसमांत एक मोठा काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके, भोवती तांबूस. भांडताना तेवढा झळकतो.

ते फुलांवर जात नाही. सडका आंबा, झाडाचा चीक, शेण. आत्याला त्याचं फार कौतुक. "फुलाचे लाड न्हाईत. मिळंल ते खातं, आपल्यावानी."

त्याचं जगणं मी जसजसं बघत गेले तसतशी वही रक्ताने भरत गेली, असंच म्हणावं लागेल. गवताच्या पात्याखाली मोत्यासारखी अंडी. निम्मी मुंग्या नेतात. उरलेल्यांतून हिरवी केसाळ अळी, डोक्यावर दोन तांबडी-काळी शिंगं, पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखी. ती आमच्या भाताच्या रोपावरही सापडायची. बाबा चिमटीत धरून चिरडायचे. गांधीलमाशी तिला जिवंत उचलायची आणि हवेतच कुरतडायची. मी बरणीत चार अळ्या वाढवल्या. चारही पात्याला उलट्या टांगून हिरवे कोष झाल्या. दोहोंतून फुलपाखरं आली. एक काळा पडला. चौथा आतून हलायला लागला, फाटला, आणि त्यातून पांढरे किडे बाहेर पडले. कुठल्यातरी माशीने अळीतच अंडी घातली होती. मी बरणी सोडून ओकायला पळाले. आत्याने बरणी उचलून उजेडात धरली.

"लिही," ती म्हणाली.

"काय लिहू? घाण हाय नुसती."

"आतनं खाल्लं, वरनं हिरवंगार दिसत व्हतं. लिही. आसली घरं मी पाह्यलीत."

एकदा सरड्याने एकाला धरलं. जीभ बसली ती पंखाच्या कडेच्या डोळ्यावर. सरड्याने ओढलं, कडेचा तुकडा त्याच्या तोंडात राहिला, पाखरू सुटलं. त्या संध्याकाळी तेच फाटकं पाखरू आम्ही जांभळाखाली भांडताना पाहिलं.  आत्या आपल्या कानाच्या फाटक्या पाळीवरून बोट फिरवत बसली.

आता माझ्या चुकीबद्दल. ती मी वहीत लिहिली आहे, इथेही लिहिते.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी वैशाखात घरी आले. बाबा-आई तोडणीला खालीच होते. राब रचून तयार होता, पण भाजायचा राहिला होता. राब पहाटे भाजतात, वारा पडलेला असताना. आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवतात, म्हणजे जाळ वाऱ्याच्या तोंडावर उलटा, हळूहळू सरकतो आणि माती खोलवर भाजते. हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण मी दोन वर्षं शहाणी झाले होते. आत्या ओहळावर हंडा घेऊन गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत भाजून दाखवू, कॉलेजात गेले म्हणून रानातलं विसरले नाही हे तिला कळू दे. भरदुपार होती. धरणाच्या पाण्यावरून वारा वर चढत होता. वरची माती घालायची राहिली आहे हेही मी पाहिलं नाही. खालच्या टोकाला काडी लावली.

राब सरकत भाजला नाही, भडकला. पेटता पातेरा वाऱ्यावर उचलला गेला आणि बांध ओलांडून वरच्या गवतात पडला. गवतातून राईत. मी बादली घेऊन पळाले, तोवर कारवी फटाफट फुटत होती. धुरातून आत्या आली. हंडा तिने माझ्यावर रिकामा केला, भिजलेलं गोणपाट माझ्या हातात कोंबलं आणि तोंडावर अशी मारली की ओठ फुटला.

"हाण! जाळाला हाण! रडू नगं!"

आम्ही दोघी हाणत होतो. पातेऱ्यातून भांडकुदळं उठत होती, भर उन्हात, वेडीवाकडी. ती दिवसा कधी अशी उडत नाहीत. आणि वर कोतवाल जमले होते. वणव्याच्या कडेला कोतवाल पक्षी जमतातच, त्यांना आयतं मिळतं. एकेक पाखरू धुरातून बाहेर आलं की कोतवाल सूर मारून झेलत होते. पंख तोडून खाली टाकत होते. माझ्या डोक्यावर, खांद्यावर तपकिरी पंख पडत होते.

जाळ ओहळाकाठच्या पट्टीकडे वळला तेव्हा आत्याने गोणपाट टाकलं. ती पट्टीच्या कडेला गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी पातेरा ओढून बाजूला करायला लागली. ज्या पातेऱ्याला खराटा लागला म्हणून तिने बायांच्या पाठी फोडल्या, तोच ती हातांनी उपसत होती, खालची काळी माती लागेपर्यंत. आग सरकायला जागा राहू नये म्हणून. शेवटी शेवटी तर पेटता पाला. मी ओढायला गेले तर तिने लाथ मारली. जाळ तिच्या हातांपाशी आला आणि उघड्या मातीवर थांबला. सगळी राई गेली. आमच्या अंगणाएवढी पट्टी वाचली, जांभूळ आणि बांबू धरून.

घोडेगावच्या दवाखान्यात तिचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत बांधले. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं पूर्ण मिटणार नाहीत. तिने विचारलं, "तोंडाला काय झालं न्हाई न्हवं?" डॉक्टर म्हणाले, नाही. "मग चालंल," आत्या म्हणाली.

आत्याला घरी आणलं, तोवर बाबा-आईही खालून आले. बाबा राई बघून आले, तिचे हात बघितले आणि माझ्यासमोर उभे राहिले. या वेळी दावं नव्हतं, ते असतं तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "हे शिकलीस? आग कुठनं लावायची एवढी अक्कल न्हाई ऱ्हायली. बास झालं कॉलेज." मला तेच योग्य वाटलं. कुणी मला काही शिक्षा करत नव्हतं, मग ती मीच करून घ्यायची ठरवली. मी वही आणली, चुलीसमोर बसले आणि वही जाळावर धरली. वर्षभराची वही. कडेला आग लागली.

आत्या भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर दोन ओंडक्यांसारखे. ती कधी उठली मला कळलं नाही. हात चालत नव्हते, म्हणून तिने माझ्या मनगटात दात रुतवले. मी किंचाळले. तिने सोडलं नाही. माझ्या हातातून वही सुटून जमिनीवर पडली, आईने तिच्यावर तांब्या ओतला, तेव्हा आत्याने तोंड उघडलं. तिच्या हनुवटीवर माझं रक्त होतं.

"हात न्हाईत म्हणून दात लावले," ती धापा टाकत म्हणाली. "माझे हात काय तुला चुलीपुढं बसवाया जाळले व्हय गं भवाने? त्यात लिही. आग कुणी लावली, कुठनं लावली, किती मेली, समदं लिही. माझ्या कागदावर खोटं लिव्हलं व्हतं. तुझ्यावर खरं लिही."

मग बाबांकडे मान वळवली. "बाळू, तुझा दुसरा खांदा अजून कोरा हाय."

बाबा बाहेर गेले. जूनमध्ये त्यांनीच मला एस.टी.पर्यंत सोडलं.

पाऊस पडला तसं जळक्या राईत गवत उठलं, पूर्वीपेक्षा दाट. श्रावणात आम्ही तिन्हीसांजेला जांभळाखाली बसलो होतो. आत्याची बोटं आकड्यासारखी वाकली होती, विळा धरता येत नव्हता, तरी कमरेला खोचलेला होता. वाचलेल्या पट्टीतून एक उठलं. मग दुसरं, तिसरं. पंखाखाली डोळ्यांच्या रांगा. उठली आणि लागलीच एकमेकांवर आदळली. आत्या एवढ्या मोठ्याने हसली की बांबूतली पाखरं भ्यायली. "घर जळालं, गोत मेलं, आन भांडणं बघ! लिही, लिही!"

परीक्षकांनी प्रकल्प चाळला. वहीची जळकी कडा बोटाने चाचपली. एका पानावर थांबून विचारलं, "ही आग कोणी लावली, याची चौकशी झाली का?"

"झाली सर. मी लावली."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बसा, नीट सांगा." मी सगळं सांगितलं, आमच्या भाषेतच सांगितलं. वारा, राब, माती, कोतवाल. आत्याचं नाव मी 'निरीक्षण साहाय्य' या ओळीत घातलं होतं. तिच्या नावापुढे पदवीच्या रकान्यात सरांनी रेघ मारायला सांगितली होती. मी ती मारली नाही, जागा कोरी ठेवली.

पदवीचा कागद घेऊन घरी गेले तेव्हा बाबांनी मोबाइल काढला. म्हणाले, "आक्का, तू धर, फोटू काढू." तिने दोन्ही हात पुढे केले, पण कागद बोटांतून घसरायला लागला. दोनदा घसरला. मग तिने मान पुढे केली आणि वरची कड अलगद दातांत धरली. बाबा हसायला लागले, आई हसायला लागली. फोटोत ती आमच्याकडे डोळे वटारून बघते आहे आणि तोंडात माझी पदवी आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी कार्तिकात ती गेली. तीन दिवस ताप होता. शेवटच्या दुपारी मी पाणी पाजत होते, तिने दातांत वाटी घट्ट धरली आणि सोडेना. आईला वाटलं वाताचा झटका. मला ती खोड ओळखीची होती. मी म्हटलं, "आत्या, सोड. आता हाणामारी मी बघते." तिने सोडली.

ओहळाकाठच्या पट्टीत आजही कुणी खराटा घालत नाही. बाबा फाल्गुनात तिथे काठी घेऊन बसतात. राब आम्ही पहाटे भाजतो, वरच्या टोकाकडून. मी खालच्या बागायतातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाही, आईलाही करू देत नाही.

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र, पहिला वर्ग. आमच्या घरातली पहिली. कागदाच्या वरच्या कडेवर दातांच्या खुणा आहेत.